ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात पहिल्यांदा जाताना

हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात वसलेले ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान १९९९ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाले आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७५४ चौरस किलोमीटर असून तीर्थन, सैंज, जीवा नाला आणि पार्वती या चार प्रवाहांची खोरी त्यात येतात. उद्यानाच्या आत मोटाररस्ता नाही, हॉटेल नाही, आणि ताडोबासारखी जीपमधून सफारीही नाही. जे पाहायचे ते पायी चालून आणि तंबूत मुक्काम करून पाहावे लागते. सह्याद्रीत चालण्याचा सराव असलेल्या, परंतु हिमालयातील संरक्षित जंगलात कधीही न राहिलेल्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे, आणि त्यात एकाच मार्गाची शिफारस केली आहे: तीर्थन खोऱ्यातील गुशैणी, रोला, शिल्ट आणि रखुंडी. उद्यानात याहून लांब आणि अधिक नावाजलेल्या वाटा आहेत. पहिल्या खेपेला मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी उंचीचा हिशेब

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. गुशैणी हे तीर्थनच्या काठावरील गाव साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. म्हणजे आपली पदयात्रा जिथून सुरू होते ती जागाच आपल्या राज्याच्या माथ्याइतकी उंच आहे. तेथून रोलाचा मुक्काम सुमारे २,१०० मीटरवर, शिल्ट सुमारे ३,१०० मीटरवर आणि रखुंडीचा माथा ३,६०० मीटरच्या आसपास आहे. ही चढाई पायांना जमेल, कारण राजगड किंवा साल्हेर चढलेल्या माणसाला खड्या चढणीची ओळख असते. प्रश्न फुप्फुसांचा आणि झोपेचा असतो, आणि त्याचा सराव घाटमाथ्यावर होत नाही.

उंचीवर शरीराला रुळण्यास वेळ लागतो. डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दिवसा उंच चढून रात्री खाली येऊन झोपावे. शिल्टला दोन रात्री तंबू ठेवून मधल्या दिवशी रखुंडीला जाऊन परत येण्याचा बेत या नियमात नेमका बसतो. रोला ते शिल्ट ही एका दिवसात सुमारे एक हजार मीटरची चढाई असल्याने ती कष्टाची असते हे खरे. म्हणून शक्य असल्यास गुशैणीत आधी एक पूर्ण दिवस थांबावे आणि आजूबाजूच्या गावांपर्यंत हलके चालून घ्यावे.

ऋतू कोणता निवडावा

सह्याद्रीतील भटकंतीचा खरा हंगाम पावसाळा, आणि बरेच जण त्याच सवयीने जुलै-ऑगस्टची सुट्टी हिमालयासाठी राखून ठेवतात. या उद्यानाच्या बाबतीत हे टाळलेच पाहिजे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, नाले एका तासात रूप बदलतात आणि रस्ते दिवसेंदिवस बंद राहतात. जुलै २०२३ च्या पुरात सैंज गावाच्या बाजारपेठेचे जे नुकसान झाले, ते या खोऱ्यांतील पाण्याची ताकद समजण्यास पुरेसे आहे. हिवाळ्यात वरचे भाग बर्फाखाली जातात. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असे दोनच काळ उरतात.

या दोहोंत निवड करायची झाल्यास उद्देश पाहावा. वसंतात बुरांश (लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, पक्षी बोलके असतात, परंतु शिल्टच्या वर बर्फाचे पट्टे लागण्याची शक्यता असते आणि दुपारनंतर गारांचा पाऊस ही नेहमीची बाब असते. ऑक्टोबरात आकाश निरभ्र असते, वाटा कोरड्या असतात आणि लांबची हिमशिखरे स्वच्छ दिसतात; थंडी मात्र रात्री शून्याखाली उतरू शकते. नवख्याने ऑक्टोबर निवडावा. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल, तर त्या वर्षी दिवाळी कधी आहे हे आधी पाहावे, कारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील दिवाळी आणि ऑक्टोबरच्या मध्यातील दिवाळी यांच्यात वरच्या मुक्कामी दोन जादा लोकरी थरांचा फरक पडतो.

परवाना आणि वाटाड्या

उद्यानात प्रवेशासाठी वनविभागाचा परवाना आवश्यक आहे. उद्यानाचे मुख्य कार्यालय कुल्लूजवळ शमशी येथे आहे. तीर्थन खोऱ्यातून जाणाऱ्यांसाठी बंजार आणि गुशैणी यांच्या दरम्यान असलेले साई रोपा येथील कार्यालय सोयीचे पडते. प्रत्येकाने ओळखपत्राची मूळ प्रत आणि दोन छायाप्रती जवळ ठेवाव्यात. परदेशी पारपत्र असलेल्या नातेवाइकांना सोबत नेत असाल, तर पारपत्र आणि व्हिसाच्या छायाप्रतीही लागतात. प्रवेशशुल्क माणशी आणि दिवसाच्या हिशेबाने आकारले जाते, आणि भारतीय व परदेशी पर्यटकांसाठी ते वेगवेगळे असते. कार्यालय सरकारी असल्यामुळे रविवार आणि सुट्टीचे दिवस लक्षात घेऊनच पोहोचण्याची तारीख ठरवावी. दसऱ्याच्या दिवसांत कुल्लूचा प्रसिद्ध उत्सव सुरू असतो आणि तेव्हा सारा जिल्हाच त्यात गुंतलेला असतो.

वाटाड्याशिवाय आत जाण्याचा विचार करू नये. येथे वाटाड्या हवा तो केवळ वाट चुकू नये म्हणून नव्हे. उद्यान जाहीर झाल्यावर १९९९ मध्ये खोऱ्यातील गावकऱ्यांचे आतील चराईचे आणि जडीबुटी गोळा करण्याचे हक्क संपुष्टात आले. पिढ्यान्पिढ्या ज्या कुरणांवर त्यांच्या मेंढ्या चरल्या, तेथे जाणे त्यांना बंद झाले. त्यानंतर वाटाड्या, स्वयंपाकी आणि हमाल म्हणून मिळणारे काम हा त्या बदल्यात उभा राहिलेला रोजगार आहे. दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या मध्यस्थामार्फत सगळे ठरवण्याऐवजी गुशैणीत ज्या घरगुती निवासात उतराल त्यांच्याशी महिनाभर आधी फोनवर बोलून माणसे ठरवावीत. मजुरी, ओझ्याचे वजन, त्यांच्या जेवणाची आणि तंबूची जबाबदारी कोणाची, परतीच्या दिवसाचे पैसे द्यायचे की नाही, या गोष्टी निघण्यापूर्वीच बोलून घ्याव्यात. वरच्या मुक्कामी, थंडीत, दमलेल्या अवस्थेत हा हिशेब काढल्यास दोन्ही बाजूंना त्रास होतो. हमालांकडे पुरेसे उबदार कपडे आणि झोपण्याची सोय आहे की नाही हे पाहणे आपलेच काम आहे.

पोहोचावे कसे

मुंबई-पुण्याहून रेल्वेने दिल्ली किंवा चंडीगड गाठावे आणि तेथून मनालीकडे जाणारी रात्रीची बस पकडावी. मनालीच्या अलीकडे, मंडी सोडल्यावर, औट लागते. तेथे बंजारच्या फाट्यावर उतरायचे आहे असे वाहकाला बसमध्ये चढतानाच सांगून ठेवावे, कारण बस तेथे पहाटेच्या अंधारात पोहोचते आणि झोपेत औटचा लांब बोगदा मागे पडला की पुढचा सगळा खेळ उलट फिरतो. औटहून लारजीमार्गे बंजार आणि बंजारहून सुमारे दहा किलोमीटरवर गुशैणी. स्थानिक बस मिळते, वेळ नसेल तर टॅक्सी मिळते. मजुरीसाठी लागणारी रोख रक्कम बंजारलाच काढून ठेवावी.

विमानाने येणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: स्टोव्हचे गॅस कॅनिस्टर विमानात चालत नाहीत आणि रेल्वेतही ज्वालाग्राही गॅस नेण्यास मनाई आहे. चुलीची आणि इंधनाची व्यवस्था गुशैणीतील माणसांकडेच सोपवावी. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणखी एक सूचना, आणि ती गंभीर आहे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी उपकरणे अमेरिका-युरोपात गिर्यारोहक सर्रास बाळगतात. भारतात परवानगीवाचून उपग्रह फोन किंवा तत्सम उपकरण बाळगणे बेकायदेशीर आहे आणि त्यावरून अटकही होऊ शकते. ते घरीच ठेवून यावे.

सॅकमध्ये काय असावे

सामानाची लांबलचक यादी कोठेही मिळते, म्हणून चुका होतात त्या जागांविषयीच लिहितो. पहिली जागा सुती कपड्यांची. सुती बनियन घामाने भिजते, वाळत नाही, आणि चढण संपून वारा लागला की अंगातील ऊब खेचून घेते. अंगालगत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरी थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट, असे तीन थर असावेत. मुक्कामासाठी पिसांचे किंवा कृत्रिम भरावाचे एक जाड जाकीट वेगळे ठेवावे आणि ते चालताना कधीही घालू नये. दुसरी जागा स्लीपिंग बॅगची. सह्याद्रीत वापरतो ती पातळ बॅग येथे उपयोगाची नाही. उणे पाच अंशांपर्यंत आरामदायी म्हणून दिलेली बॅग घ्यावी, आणि तिच्याखाली चांगली जाड कॅरीमॅट हवीच, कारण खालच्या बाजूने जमीन जी थंडी देते ती बॅगेच्या दाबल्या गेलेल्या भरावाने थांबत नाही.

बूट नवे घेतले असतील तर निघण्यापूर्वी किमान महिनाभर त्यांतून चालावे. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन कळसूबाईसारख्या डोंगराची चढ-उतर एका दिवसात करता आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालण्याची तयारी असली, तर शारीरिक तयारी ठीक आहे असे समजावे. हेडटॉर्च प्रत्येकाची स्वतंत्र असावी; फोनच्या उजेडावर भिस्त ठेवून रात्री तंबूबाहेर पडणारा माणूस एक हात त्यातच अडकवून बसतो. पॉवर बँक थंडीत लवकर उतरते, ती रात्री बॅगेच्या आत घेऊन झोपावे.

चालण्याचे दिवस

गुशैणीहून रोलापर्यंतची नऊ-दहा किलोमीटरची वाट नदीच्या संगतीने जाते. ती फार चढणीची नाही, परंतु सावकाश चालण्यासारखी आहे. सुरुवातीला गावे, सफरचंदाच्या बागा आणि शेते लागतात. हा उद्यानाबाहेरचा, लोकवस्तीचा पट्टा असून त्यास इकोझोन म्हणतात. वाटेत ओढ्यांवर लाकडी ओंडक्यांचे आणि फळ्यांचे पूल आहेत. सकाळी त्या फळ्यांवर दवाचा पातळ थर असतो आणि दिसायला कोरडे वाटणारे लाकूड साबणासारखे निसरडे झालेले असते. अशा वेळी पाऊल आडवे टाकावे, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडलोच तर सॅक पाण्यात खेचत नाही. वाटेच्या कडेला हिरवीगार, दातेरी पानांची जी झुडपे दिसतात ती बिच्छू बूटी असू शकते. तोल सावरण्यासाठी तिला हात लावला, तर तळहाताची आग बराच वेळ जात नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून चालणे म्हणूनच बरे. रोलाच्या अलीकडे उद्यानाचे प्रवेशद्वार लागते आणि तेथून पुढे वस्ती संपते.

दुसऱ्या दिवशी शिल्टची चढण. सकाळी सहा-साडेसहाला निघावे. खालच्या भागातील देवदार आणि कैल मागे पडतात, मग खरसू ओक आणि फरची झाडी येते, आणि तिच्याखालील ओलसर सावलीत पानांचा जाड थर वाटेवर पसरलेला असतो. येथे वेग ठरवण्याची एक साधी कसोटी आहे: चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग जास्त आहे. गटात जो सर्वांत हळू चालतो त्याला पुढे ठेवावे. शिल्टला वनविभागाची झोपडी आहे. ती मिळेलच असे गृहीत न धरता तंबू सोबत असावेत.

तिसऱ्या दिवशी सामान शिल्टलाच ठेवून रखुंडीला जावे आणि दुपारच्या आत परतावे. हिमालयात ढग बहुधा दुपारनंतर जमतात, आणि उघड्या माथ्यावर विजांच्या वेळी थांबणे धोक्याचे असते. ढग अकरालाच जमू लागले तर माथा अर्ध्यावर सोडून परत फिरण्यात कमीपणा नाही. वाटाड्या ‘चला’ म्हणेपर्यंत हट्ट धरू नये आणि तो ‘नको’ म्हणाला तर वाद घालू नये. चौथ्या दिवशी शिल्टहून रोला किंवा थेट गुशैणी. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, म्हणून दोन्ही हातांत काठ्या असाव्यात.

मुक्कामाची शिस्त

तंबू सपाट पण किंचित उंचवट्यावर लावावा. नदीच्या पात्रालगतची वाळू कितीही मोहक दिसली तरी तेथे लावू नये; बर्फ वितळून येणारे पाणी दुपारी वाढते आणि वर कोठेतरी पाऊस झाला तर त्याची खबर खाली पाण्याबरोबरच येते. वाळलेली किंवा कललेली झाडे डोक्यावर नाहीत ना, हे मान वर करून पाहावे. तंबूची झडप रात्री थोडी उघडी ठेवावी, नाहीतर श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते. तंबूच्या आत स्टोव्ह कदापि पेटवू नये.

शिल्टच्या उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते. तूरडाळ उघड्या पातेल्यात तासन्‌तास शिजत राहते आणि इंधन संपते. म्हणून मूग किंवा मसूर डाळ न्यावी अथवा लहान कुकर न्यावा. आपल्याकडचे मेतकूट, भाजणी, गूळ-शेंगदाणे आणि तिखटमिठाचा सांजा हे या कामी उत्तम, कारण वजन कमी आणि शिजण्यास वेळ थोडा लागतो. उंचीवर भूक मंदावते, तेव्हा ओळखीची चव उपयोगी पडते. पाणी वाहते असले तरी उकळून किंवा जंतुनाशक गोळी टाकूनच प्यावे. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जाऊन पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा करावा आणि नंतर तो बुजवावा. ओले टिश्यू मात्र पुरू नयेत, पिशवीत बांधून खाली आणावेत. बाकीचा सर्व कचराही खाली यायला हवा. शेकोटी वनविभागाने परवानगी दिलेल्या जागीच आणि वाटाड्याच्या सल्ल्यानेच करावी.

काळे अस्वल या जंगलात आहे. अन्न आणि वासाच्या वस्तू, टूथपेस्टसुद्धा, झोपण्याच्या तंबूत ठेवू नयेत. झाडीतून बोलत चालावे, म्हणजे अस्वलाला आपली चाहूल आधीच लागते. समोर आलेच तर पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. हिमबिबट्या आणि तपकिरी अस्वल याहून उंचावर राहतात. पाहण्याची खरी आशा ठेवावी ती मोनाल पक्ष्याची, आणि नशीब असल्यास जुजुरानाची. जुजुराना म्हणजे पक्ष्यांचा राजा. सर्व पक्ष्यांनी एकेक पीस देऊन त्याला घडवले अशी येथील लोककथा आहे, आणि तो हिमाचल प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. तो लाजाळू आहे. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याचा उद्योग करू नये, विशेषतः मे-जूनमध्ये, कारण तो त्याच्या विणीचा काळ असतो.

तब्येत बिघडल्यास

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर आणि झोप न येणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे आहेत. ती सौम्य असतील तर त्याच मुक्कामी थांबावे, पाणी प्यावे, वर जाऊ नये. लक्षणे रात्रीत न ओसरल्यास खाली यावे. विश्रांती घेतानाही धाप लागणे, किंवा सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालता न येणे ही धोक्याची चिन्हे आहेत आणि अशा वेळी रात्र असली तरी माणसाला सोबत देऊन ताबडतोब खाली उतरवावे. शिल्टच्या मार्गाचा एक मोठा फायदा असा की खाली उतरणे सोपे आहे, मध्ये कोणतीही खिंड ओलांडावी लागत नाही. या कारणासाठीच तीर्थनच्या उगमाकडे जाणारी लांब वाट किंवा ५,३०० मीटरहून उंच असलेली पिन-पार्वती खिंड नवख्याच्या यादीत नसावी. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरील गोळी घ्यायची की नाही हे घरून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास त्यांना ते आवर्जून सांगावे. गुशैणीच्या पुढे फोनवर विसंबू नये. परतीची तारीख आणि वाटाड्याचा क्रमांक घरी व निवासाच्या मालकांकडे लिहून ठेवावा.

गावात वावरताना

या खोऱ्यांत प्रत्येक गावाचा देवता आहे, आणि गावाचे बरेच निर्णय आजही त्याच्या दरबारात होतात. मंदिराच्या चौथऱ्यावर चढण्यापूर्वी विचारावे. चामड्याचा पट्टा किंवा बूट घालून कोठपर्यंत जाता येते याचे नियम गावागणिक वेगळे आहेत. अंगणात वाळत घातलेल्या धान्याजवळून, झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांजवळून जाताना कॅमेरा खाली ठेवावा. बहुतेकांना हिंदी येते, आणि वाटाड्याला ‘भाईजी’ म्हटलेले चालते.

परतीचे आरक्षण करताना गुशैणीला उतरण्याच्या तारखेनंतर किमान एक दिवस मोकळा ठेवावा, कारण मंडी ते औट या भागात महामार्ग दरड पडून अधूनमधून बंद होतो. तो दिवस तीर्थनच्या काठी घालवावा किंवा सैंज खोऱ्यात शांघडच्या कुरणापर्यंत जाऊन यावे. पुढच्या खेपेला न्यूलीहून शक्ती आणि मरोड या वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटेचा विचार असेल, तर त्या बाजूच्या माणसांशी ओळख करून घेण्यास तोच दिवस उपयोगी पडतो.